पाण्याची घंटा

कामठी
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय गोपिका,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पोस्टमन नवा आहे. पाकीट उलटंसुलटं करत म्हणाला, "मावशी, प्रताप नगर ते कामठी, एवढ्याशासाठी पत्र? फोन नाही का त्यांच्याकडे?" मी म्हटलं, "आहेत ना. दोन आहेत." त्याला काय सांगणार, की कॉन्व्हेंटच्या एका डॉर्मिटरीत तीन पलंगांच्या अंतरावर झोपत असतानाही आपण पत्रंच लिहायचो! मदर बेनेडिक्टांचा नियमच होता, रविवारी दुपारी प्रत्येकीने घरी पत्र लिहायचं. माझ्या घरी वाचता कोणालाच येत नव्हतं. मी कोऱ्या कागदासमोर बसून होते, तेव्हा तू हळूच म्हणालीस, "मले लिही वं. मी वाचते." अजून वाचतेस.

तू विचारतेस, ३० एप्रिलला निवृत्त झाल्यावर काय करणार. झोपेन, असं सध्या तरी ठरवलंय. पण आत्ता चिंता वेगळीच आहे. आमच्या शाळेची पाण्याची घंटा बंद झाली.

तुला ती आठवत असेल. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तासांची घंटा विजेची आहे, पण पाण्याची देवराव हातोडीने देतो, दोन टोल. ते झाले की अख्ख्या शाळेने आहे त्या जागी पाणी प्यायचं. मास्तरांनीसुद्धा. मीही माझा स्टीलचा पेला घेऊन व्हरांड्यात उभी राहायची. तू एकदा हसली होतीस, "मिलिटरीच्या शेजारी राहून तुमची शाळा पण पलटण झाली."

ती घंटा उन्हासाठी आहे, असं तुला आजवर वाटत आलं. सगळ्यांनाच वाटतं, आणि तसंच वाटावं म्हणून मी ती सुरू केली होती. आज तुला खरं कारण लिहिते.

शाळेत सिकलसेलची मुलं आहेत. दर वर्षी असतात. अंगात पाणी कमी पडलं की त्यांचं रक्त जागोजागी अडतं आणि सांध्यांत अशी कळ येते की मोठा माणूस जमिनीवर लोळावा. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून पोराला नाटकी म्हणतात. माझ्या भावाला, सुशीलला, म्हणायचेच. कवायतीच्या वेळी तो खाली बसला म्हणून त्याला उन्हात उभं केलं होतं. त्यातून तो उठलाच नाही, ते तुला माहीत आहे. त्या रविवारी मी तुला तीनच ओळी लिहिल्या होत्या.

शाळेत नर्स म्हणून लागले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी ठरवलं, या मुलांनी वेळेवर पाणी प्यायला हवं. पण त्यांनाच वेगळी बाटली दिली तर दुसऱ्या दिवशी सगळी शाळा त्यांना बिमार म्हणेल. मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंत तो शब्द पाठ सोडत नाही. घरोघरी आयांनी माझ्याकडून वचन घेतलंय, सिस्टर, कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. म्हणून सगळ्यांनीच प्यायचं. तेव्हाचे मुख्याध्यापक रुपराव सर फार शहाणे. म्हणाले, "सिस्टर, मी कारण विचारत नाही. घंटा माझी, पाणी तुमचं."

आता मुख्याध्यापिका म्हणून चिन्मयी मॅडम आल्या आहेत. वाईट नाहीत, मन लावून काम करतात. त्यांचं म्हणणं, घंटा झाली की वर्ग विस्कटतो, मग स्वच्छतागृहाला रांग लागते, दहावीचं नुकसान होतं. "मुलांच्या दप्तरात बाटल्या आहेत की, सिस्टर. ज्याला तहान लागेल तो पिईल. कोणाला खास गरज असेल तर नावं सांगा, मी स्वतः लक्ष ठेवते."

मी नावं दिली नाहीत. बाहेर आले तर देवराव हातोडी घेऊन उभा. "काहून बंद केली जी सिस्टर? हात शिवशिवून राहिला न माहा."

तुझी
माया


प्रताप नगर, नागपूर
रविवार, ९ मार्च २०२५

लाडके माया,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि सुशीलपाशी थांबले. तो हॉस्टेलच्या फाटकाबाहेर तुला भेटायला यायचा, खिशातून बोरं काढून आधी मला द्यायचा आणि म्हणायचा, "ताई, हिला सांगू नको, हिच्यासाठी कमी राहिली." त्याच्यासाठी तू ही एवढी शाळा पाणी पीत ठेवलीस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस! मी तुझी पत्रं वाचणारी ना?

पण आता माझं ऐक. तू हट्टी आहेस. तुला घंटा प्यारी आहे की पोरं? मॅडम बरी बाई आहे असं तूच लिहितेस, मग तिला दार लावून चार नावं सांगून टाक की. ती काय चौकात ओरडणार आहे? वचन वचन म्हणून तू तोंड मिटून बसशील आणि तिकडे एखादं पोर आडवं होईल. मदर बेनेडिक्टा असत्या तर म्हणाल्या असत्या, "माया, यू आर टू प्राउड." आठवतं? तू वरण सांडलं नव्हतंस, तरी कोणी सांडलं ते सांगेनास, आणि आठवडाभर भांडी घासलीस. वरण मी सांडलं होतं.

बरं, आता गोड बातमी. आमच्या गोलूचं जमतंय! स्वतःच जमवलंय त्यानं. बुटीबोरीला त्याच्याच कंपनीत लॅबमध्ये आहे मुलगी. आणि कुठली असेल? कामठीची! तुझ्या शाळेची! वैभवी, चंद्रभान लूमवाल्यांची धाकटी. तुझं नाव काढलं तर म्हणते, "माया सिस्टर? त्यांनी माझ्या गुडघ्यातली काच काढली होती आणि वर म्हणाल्या, आता रड, आधी रडली असतीस तर हात हलला असता." मला तर ती तेव्हाच आवडली.

घरदार आम्ही पाहिलं. ते विचारत नाही. पण माया, तुझं पत्र वाचल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. त्या मुलांत वैभवी होती का? मला एका शब्दात कळव. हो किंवा नाही. वाचून लगेच फाडून टाकीन, ह्यांनाही सांगणार नाही. माझा एकुलता एक मुलगा आहे. आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागते.

तुझीच
गोपिका

ता. क. लग्नात तू मुलाकडची. कामठीवाले म्हणतील त्यांची. ऐकायचं नाही.


कामठी
रविवार, १६ मार्च २०२५

प्रिय गोपिका,

गोलूची बातमी वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते. तो चड्डीत होता तेव्हा माझ्या मांडीवर बसून गोळ्यांच्या डब्या वाजवायचा.

तू एक शब्द मागितलास. तो शब्द माझा असता तर तुला विचारावंही लागलं नसतं.

जे मी सगळ्यांना सांगते तेच तुला सांगते. लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं. दोघांचंही, गोपिका. माझ्याकडे लग्नाची पत्रिका घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, म्हणून अर्ध्या कामठीने मला पत्रिका द्यायचं सोडलंय.

तुझं दुसरं म्हणणं खरं ठरलं. गुरुवारी चाचणी परीक्षा होती. एक मूल पेपर लिहिता लिहिता बाकावरून खाली आलं. मुलगा की मुलगी, कोणत्या वर्गातलं, ते लिहीत नाही. सकाळची शाळा असूनही ऊन चढलं होतं आणि पेपर सोडून पाणी पिण्याचं भान कोणाला असतं! बाटली दप्तरात होती, भरलेली. ज्याला तहान लागेल तो पिईल, हे मोठ्यांचं गणित आहे. मुलं खेळात आणि पेपरात तहान विसरतात, म्हणून तर टोल लागतो.

मी त्याला खोलीत आणलं, पाय शेकले, थोडं थोडं पाजलं, मग ऑटोतून दवाखान्यात. मॅडम स्वतः माझ्यासोबत बसल्या होत्या. त्यांनी त्या मुलाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सलाईन लागल्यावर मूल निवळलं. मॅडमनी आईला विचारलं, "ह्याआधी असं कधी झालं होतं?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही जी. ऊन लागलं असंन."

परत येताना मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला काहीतरी माहीत आहे." मी म्हटलं, "हो." "मग सांगा." मी म्हटलं, "मला माहीत आहे, एवढंच मी सांगू शकते." शाळेत पोचताच त्या मागे न बघता आत निघून गेल्या. मला त्यांची दया आली. त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

वरण तू सांडलं होतंस हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या फ्रॉकला लागलं होतं.

माया


प्रताप नगर
२३ मार्च

माया,

पत्र मिळालं. समजायचं ते मी समजले.

"नाही" असतं तर तू एका ओळीत "नाही" लिहिलं असतंस. तू रक्त तपासा म्हणालीस. म्हणजे आहे. मला स्पष्ट सांगायला तुला जड गेलं, ते मी समजू शकते, पण मी काय कामठीतली कोणी येरीगबाळी बाई आहे की माझ्याशीही दवाखान्याच्या पाटीसारखं बोलावंस?

गोलूला अजून काही बोलले नाही. त्याचा चेहरा बघवत नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी लिहीनच असं नाही.

गोपिका


कामठी
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

प्रिय गोपिका,

सकाळी गुढीचा कडुनिंब शाळेच्याच झाडाचा आणला. रुळाचा तुकडा तिथेच लटकतोय. चिमण्यांनी त्यावर बसायला सुरुवात केली आहे.

तू चुकीचं समजलीस. "समजायचं ते समजले" म्हणालीस, पण मी त्यात समजण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. वैभवीला आजार आहे असं मी म्हटलेलं नाही. नाही असंही म्हणत नाही, आणि आज पाडव्याच्या दिवशीही म्हणणार नाही. का, ते शांतपणे वाच.

समज, वैभवी निरोगी आहे आणि मी तुला "नाही" लिहिलं. तू खूश. उद्या दुसरी आई माझ्याकडे दुसऱ्या मुलीचं विचारायला येईल, आणि तिला मी म्हणेन, मी सांगत नाही. ती लगेच म्हणेल, गोपिकाबाईला तर सांगितलं, म्हणजे हिच्यात आहे. निरोगी मुलीबद्दल मी एकदा बोलले की आजारी मुलीबद्दलचं माझं गप्प बसणंच बोलायला लागतं. म्हणून सगळ्यांबद्दल गप्प. जशी घंटा सगळ्यांना, तसं हेही सगळ्यांना.

हे मी पुस्तकात नाही शिकले. इंदूबाईकडे शिकले; नाव-गाव बदलून लिहिते. बाजाराच्या मागे भाजी विकते, तिची थोरली माझ्याकडे यायची. पोरीचं लग्न ठरलं. नवऱ्याकडचा एक माणूस शाळेत आला, गोड बोलला, चार मुलींबद्दल विचारलं. तीन मुलींबद्दल मी सहज म्हणाले, चांगल्या आहेत, काही नाही. चौथीबद्दल, म्हणजे इंदूबाईच्या थोरलीबद्दल, म्हणाले, ते तिच्या घरी विचारा. मला वाटलं मी काही सांगितलंच नाही. आठवड्याने लग्न मोडलं. इंदूबाई आली, भांडली नाही. दारात बसून एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही तं काहीच बोलल्या नाही न. तरी बी बोलल्या." तिची पोर आता नर्स आहे, भंडाऱ्याला, सुखात आहे. पण ते वाक्य अजून माझ्या दारात बसलेलं आहे.

मला तुझी भीती वाटते, गोपिका. तू लिहायचं थांबलीस तर मी कोणाला लिहू? माझ्या घरी आता सगळ्यांना वाचता येतं, पण पत्र वाचणारी तूच. तरीही उत्तर हेच आहे.

गोलूला पाडव्याचे आशीर्वाद. ताटातली कडुनिंबाची गोळी न खाता पळाला असेल.

माया


प्रताप नगर, नागपूर
रविवार, २० एप्रिल २०२५

माया,

तीन रविवार लिहिलं नाही. फोनही उचलला नाही. चौथ्या रविवारी लिहितेय ते वाचताना तू खुर्चीत बस.

मी गोलूला शेवटी तुझं पत्र दाखवलं. पाडव्याचं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आई, मावशी दोघांची तपासणी म्हणते, तर दोघांची करू. यात तू जेवण काहून सोडून राहिली?" दोघं गेले, रक्त देऊन बाहेर पोहे खाऊन आले. पोह्यांवर तिखट तर्री जास्त घातली, त्यावरूनच दोघांचं भांडण.

रिपोर्ट आले. वैभवीचा स्वच्छ.

गोलूच्या रक्तात आहे. आजार नाही, तो वाहक आहे, पण आहे. मग ह्यांचं रक्त तपासलं, त्यात नाही. मग माझं. माया, ते माझ्याकडून आलंय. अठ्ठावन्न वर्षं ते माझ्या अंगात बसून आहे आणि मी दुसऱ्याच्या मुलीच्या अंगात शोधत होते.

पहिला विचार काय आला माझ्या मनात, सांगू? हे कामठीला कळू नये. चंद्रभानजींना कळू नये. मी गोलूला म्हटलंही, "लग्न होईपर्यंत राहू दे, आजार थोडाच आहे?" आणि तोंडातून शब्द निघाले तेव्हा मला तुझ्या दारात बसलेल्या सगळ्या आया दिसल्या. मीही तिथेच येऊन बसले होते. मी तुझ्यावर रागावले, कारण तू माझ्यासाठी ते दार उघडत नव्हतीस. आता मला वाटत होतं, ते घट्ट बंद राहावं.

गोलू ऐकणारा आहे का? वैभवी जेवायला आली होती, वांग्याची भाजी वाढत होते, आणि त्याने तिथेच सांगून टाकलं. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ती पोर म्हणाली, "हो? मग मुलांना आजार नाही होणार, माझा रिपोर्ट कोरा आहे. वाहक होतील कदाचित, त्यांचं पुढे बघू. काकू, भाजी वाढा ना." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "घाबरलात का? आमच्या शाळेत दोन टोल झाले की सगळेच पाणी प्यायचे. कोण कशासाठी पितो, कोणी विचारायचं नाही. लॅबमध्ये लागल्यावर सिकलसेलचं वाचलं, तेव्हा मला ती घंटा समजली. माझ्या बाजूला बसणारी कधी कधी लंगडायची. ती पण प्यायची, मी पण प्यायची. मला काय माहीत होतं?"

मी आत जाऊन रडले. दुःखाने नाही गं. ही सून मला तू तयार करून दिलीस, आणि तुला त्याचा पत्ताही नव्हता.

चंद्रभानजींना ह्यांनी फोन करून सगळं सांगितलं. लूमच्या खटखटीतून ते म्हणाले, "तारीख तं पुढे नाही न ढकलून राहिले जी? हॉलचा ॲडव्हान्स देल्ला."

मला माफ कर म्हणत नाही. आपल्यात ते शोभत नाही. भांडी घासायला सांग.

तुझी गोपिका


कामठी
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय गोपिका,

खुर्चीत बसले होते ते बरं झालं.

वाहक म्हणजे काही नाही. तू आजवर ठणठणीत आहेस, पुढेही राहशील. तुझ्या रक्ताने आजवर कोणाचं काही बिघडवलं नाही. तुझ्या जिभेने बिघडवलं असेल, त्याची तपासणी होत नाही.

बुधवारी शाळेत माझा निरोप समारंभ आहे. ये. सीताबर्डीला मेट्रो बदल, ऑटोमोटिव्ह चौकाला उतर, पुढे शेअर ऑटो. उन्हाचा रुमाल बांध. भाषण करू नकोस. मी पत्रात सगळं सोसते, माईकवर नाही.

घंटा नाहीच. जाण्याआधी एकदा मॅडमशी बोलावं म्हणून गेले. म्हटलं, "नावं सांगणार नाही, पण शाळा उघडली की परत सुरू करा." त्या कळवळून म्हणाल्या, "सिस्टर, कारण कळल्याशिवाय मी साऱ्या शाळेचं वेळापत्रक कशाच्या जोरावर मोडू? उद्या संस्थेने मला विचारलं तर मी काय सांगू, माया सिस्टरना माहीत होतं?" त्यांचंही बरोबर आहे, गोपिका. मी माझ्या खोलीत परतले. कपाट आवरलं, पेला तेवढा पिशवीत टाकला. घंटा गेली तर चालेल, असं अजून माझ्या मनाला पटवता आलेलं नाही. पण एका आईचं नाव सांगून ती वाचवली, तर ती कोणासाठी वाचवली?

माया


प्रताप नगर, नागपूर
रविवार, ४ मे २०२५

माझ्या माया,

भाषण करू नकोस म्हणालीस. मी केलं. आणि परत करायची वेळ आली तर परत करेन.

तू मान खाली घालून बसली होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. मी पहिल्या रांगेतून सगळं बघत होते. ती मुलं तुझ्यासाठी कागदी फुलं घेऊन उभी, घामाने ओली, आणि कोणाच्याही हातात पाणी नाही. मागे आया भिंतीला टेकून उभ्या. त्यांच्यातली एक पदराने तोंड झाकून सारखी तुझ्याकडे बघत होती, आणि मला तिची नजर ओळखीची वाटली. गेल्या महिन्यात आरशात पाहिली होती मी ती.

मॅडमनी विचारलं, "माया सिस्टरबद्दल कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" आणि माझे पाय उठले. काय बोलले ते ह्यांनी मोबाईलवर घेतलंय, पण तू बघणार नाहीस, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही नाव मागितलं होतं. घ्या, मी देते. गोपिका. सिकलसेल माझ्या रक्तात आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, प्रताप नगरात राहते, आणि मला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी कळला. माझ्यापासून माझ्या मुलाकडे गेला. त्याचं लग्न ठरलंय, तुमच्याच शाळेच्या मुलीशी, आणि तिने हे ऐकून आणखी भाजी मागितली. का, तर ती दोन टोल ऐकत मोठी झाली. माया सिस्टर माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मी तिला एका मुलीबद्दल विचारलं, तिने मलाही सांगितलं नाही. मग तुम्हाला कशी सांगेल? तिला विचारू नका. कोणालाच विचारू नका. समजा, इथलं प्रत्येक मूल माझं आहे, आणि त्याला पाणी पाजा."

मी खाली उतरले. गोलू म्हणाला, "आई, तुले नाव सांगायची काय गरज होती?" मी म्हटलं, "अरे, तेच तर तिच्याकडे मागून राहिले होते सगळे. कोणाचं तरी एक लागतच होतं. माझं घ्या."

सगळ्यांसमोर हे सांगताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटला तो अभिमान. माझ्या रक्ताचा नाही गं, वेडे. तुझा.

शाल तुझ्या खांद्यावर घालताना मॅडमनी ती उलटी घातली, एवढं मी पाहिलं.

तुझी
गोपिका


कामठी
मंगळवार, १ जुलै २०२५

प्रिय गोपिका,

आज रविवार नाही. नियम मोडून लिहिते आहे, कारण रविवारपर्यंत मला धीर धरवणार नाही.

लग्नात तुझ्याशी दोन शब्द बोलायलाही जागा मिळाली नाही. तू मला मुलाकडची म्हणून मिरवलंस आणि कामठीवाल्यांनी मला त्यांच्या पंगतीत ओढून नेलं. म्हणून जे राहिलं ते आता.

तुझं भाषण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक आई मॅडमना भेटायला गेली. मार्चमध्ये दवाखान्यात "ऊन लागलं असंन" म्हणाली होती तीच. हे मला मॅडमनी नाही, तिनेच सांगितलं. म्हणाली, "ते प्रताप नगरची बाई बोलली न स्टेजवर, मंग मी काहून लपून राहू?" बाकी कोणी गेलं नाही. नाही गेलं तरी चालेल.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मॅडम घरी आल्या. सोबत मिनल होती, माझ्या जागी घेतलेली नवी नर्स, कोवळी पोर. मला वाटलं, आता त्या किती मुलं आहेत ते विचारतील. त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी कारण विचारत नाही. टोल कधी कधी द्यायचे, तेवढं सांगा." तीस वर्षांपूर्वीचं रुपराव सरांचं बोलणं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि जरा वेळाने बाहेर आले.

गेला आठवडाभर मिनलला घेऊन घराघरांत फिरले. आधी आईला विचारायचं, हिला सांगू का, आणि ती हो म्हणाली तरच आत. काही घरांत चहा झाला. दोन घरांनी दार लावून घेतलं. मिनल हिरमुसली, म्हणाली, "सिस्टर, मग त्यांच्या मुलांचं काय?" मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच तर सगळी शाळा पिते."

आज सकाळी मी न्हाऊन केस विंचरत बसले होते. पाऊस नाही, नुसता उकाडा. गल्लीत लूम चालू होते, त्यामुळे आधी ऐकूच आलं नाही. मग मधल्या एका क्षणी लूम थांबले आणि शाळेकडून टोल आला. एक. थोडा थांबून दुसरा. देवरावचा हात मी कुठेही ओळखते, दुसरा टोल तो जरा जोरात देतो.

मी उठले. माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि अंगणात येऊन उभी राहिले. शेजारच्या पार्वतीबाई सून आल्यापासून बाहेर फारशा बोलत नाहीत, पण त्यांनी विचारलं, "काहून वं सिस्टर, उभ्याउभ्या पाणी?" मी म्हटलं, "घंटा झाली न." त्या आत गेल्या आणि त्यांच्या दोन्ही नातवंडांना पाण्याचा गडवा घेऊन बाहेर पाठवलं.

तिकडे प्रताप नगरात ऐकू येणार नाही. म्हणून लिहून कळवते. तूही पी.

माया